'झायरीका': चार तबकड्यांवर वाटलेला अल्बम

२८ ऑक्टोबर १९९७ रोजी वॉर्नर ब्रदर्स या बड्या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीने 'द फ्लेमिंग लिप्स' या अमेरिकी रॉक बँडचा 'झायरीका' हा अल्बम बाजारात आणला. त्यात चार सीडी होत्या आणि प्रत्येक सीडीवर आठ गाणी होती. परंतु एकूण गाणी बत्तीस नव्हती. चारही सीडींवर तीच आठ गाणी होती आणि प्रत्येक सीडीवर प्रत्येक गाण्याचा एकेक हिस्सा होता. गाणे पूर्ण ऐकायचे तर चार सीडी प्लेअर, त्यांचे चार स्वतंत्र स्पीकर-संच आणि एकाच क्षणी चार बटणे दाबणारे हात लागत. घरात एक प्लेअर आणि तो लावणारा एक माणूस, ही त्या काळातल्या ग्राहकाची सर्वसाधारण स्थिती होती, आणि नेमक्या त्याच ग्राहकाला हा अल्बम पूर्ण ऐकता येणार नव्हता.

कराराने बांधलेल्या बँडने असा अल्बम का केला, नफ्यातोट्याचा हिशेब पाहणाऱ्या कंपनीने तो का काढला, आणि चार वेगळी यंत्रे कधीच तंतोतंत एकत्र चालत नाहीत हे ठाऊक असताना त्यांच्यासाठी संगीत कसे रचले गेले, हे या प्रकरणातले प्रश्न आहेत. चार यंत्रांमधला मेळ सुटणे हा या अल्बमचा दोष म्हणून सहसा सांगितला जातो. माझ्या मते तोच त्याच्या रचनेचा पाया आहे आणि बाकीच्या गोष्टींचा उलगडा तिथूनच होतो.

अल्बमपूर्वीची स्थिती

'द फ्लेमिंग लिप्स'ची स्थापना १९८३ मध्ये ओक्लाहोमा राज्यात झाली. वेन कॉइन, त्याचा भाऊ मार्क आणि बास वाजवणारा मायकल आयव्हिन्स हे सुरुवातीचे सदस्य होते. मार्क काही वर्षांतच बाहेर पडला आणि गायनाची बाजू वेनकडे आली. १९६०च्या दशकातील सायकेडेलिक रॉकमध्ये प्रतिध्वनी, उलट्या फिरवलेल्या टेप, लांबत जाणारे स्वर आणि स्वप्नवत शब्द यांना जे स्थान होते, ते पंकच्या खरखरीत गोंगाटात मिसळून नव्याने वापरणाऱ्या बँडना नव-सायकेडेलिक म्हटले जाते. हा बँड त्याच परंपरेतला. १९९०च्या दशकाच्या आरंभी वॉर्नर ब्रदर्सने त्यांना करारबद्ध केले. १९९३च्या अल्बममधील एक विनोदी वळणाचे गाणे हळूहळू रेडिओवर चालू लागले आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत ५५व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतही बँड झळकला. कंपनीची अपेक्षा यामुळे वाढली. १९९५मध्ये आलेल्या पुढच्या अल्बमने मात्र ती पूर्ण केली नाही.

१९९६ मध्ये गिटारवादक रोनाल्ड जोन्स बँड सोडून गेला. बँडचा तोवरचा घट्ट, थरांवर थर चढवणारा आवाज मोठ्या प्रमाणात त्याच्या गिटारवर उभा होता, त्यामुळे ही एका वादकाची रिकामी झालेली जागा एवढीच बाब नव्हती. उरले तिघे: कॉइन, आयव्हिन्स आणि स्टीव्हन ड्रॉझ्ड. ड्रॉझ्ड ड्रमवादक म्हणून आला होता, पण गिटार, कीबोर्ड, गायन असे जवळजवळ सर्व काही तो करू शकत असे. नवा गिटारवादक शोधून जुनाच आवाज पुढे चालवणे हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. चार माणसांचा बँड ही कल्पनाच सोडायची आणि स्टुडिओत जितके आवाज तयार करता येतील तितके करायचे, असे ठरले. आणि त्याच सुमारास कॉइनला गाड्यांची कल्पना सुचली.

गाड्या, कॅसेट आणि टू-इन-वन

तरुणपणी एका मोठ्या मैफलीच्या बाहेर, वाहनतळावर, कॉइनला अनेक गाड्यांमधून योगायोगाने एकच गाणे एकाच वेळी ऐकू आले होते, असे तो सांगत असे. आवाज एका दिशेने येत नव्हता. माणूस आवाजाच्या आत उभा होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या मधोमध सापडलेल्या माणसाला या अनुभवाची कडवट बाजू चांगली ठाऊक असते. तेथे गाणी दोन असतात आणि ती एकमेकांशी भांडतात. कॉइनला मात्र एकाच रचनेचे तुकडे वेगवेगळ्या गाड्यांत ठेवून त्यांचा मेळ घालून पाहायचा होता.

१९९६-९७ मध्ये बँडने 'पार्किंग लॉट एक्सपेरिमेंट' या नावाने हे करून पाहिले. कॉइनने चाळीस कॅसेटचा एक मोठा संच तयार केला, प्रत्येक कॅसेटवर रचनेचा वेगळा भाग ध्वनिमुद्रित केला आणि श्रोत्यांना आपापल्या गाड्या घेऊन एका बहुमजली वाहनतळावर बोलावले. प्रत्येक चालकाला एक कॅसेट दिली जाई, कॉइन खुणेने इशारा करी आणि सगळे एकदम बटण दाबत. मार्च १९९७ मध्ये ऑस्टिन येथील 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सवात झालेल्या प्रयोगाची बरीच चर्चा झाली. पुढे गाड्यांच्या जागी टू-इन-वन आले: व्यासपीठावर श्रोत्यांमधून निवडलेले स्वयंसेवक कॅसेट प्लेअर घेऊन दोन गटांत बसत आणि कॉइन व ड्रॉझ्ड वाद्यवृंदाच्या संचालकाप्रमाणे हातवारे करून त्यांना आवाज वाढवायला किंवा कमी करायला सांगत.

या प्रयोगांतून बँडच्या हाती दोन गोष्टी लागल्या. मेळ थोडा सुटला तरी श्रोते वैतागत नाहीत, उलट कान टवकारतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. आणि ज्याच्या हातात यंत्र आहे तो स्वतःला निव्वळ प्रेक्षक समजत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. 'झायरीका' म्हणजे हा वाहनतळ उचलून माणसाच्या दिवाणखान्यात नेण्याचा प्रयत्न होता. चाळीस कॅसेट कोणी विकत घेणार नाही. चार सीडी कदाचित घेईल.

कंपनीचा निर्णय

बँडचा व्यवस्थापक स्कॉट बुकर याने हा प्रस्ताव वॉर्नर ब्रदर्सपुढे नेला. बाहेरून पाहता कंपनीने तो स्वीकारणे वेडेपणाचे वाटते, परंतु प्रस्ताव एकट्या 'झायरीका'चा नव्हता. चार तबकड्यांच्या अल्बमसोबत, त्याच काळात, त्याच स्टुडिओत एका नेहमीच्या अल्बमचे कामही चालणार होते. तोच पुढे 'द सॉफ्ट बुलेटिन' म्हणून १९९९ मध्ये आला. स्टुडिओतील तास, ध्वनिमुद्रणाची सामग्री, प्रयोगातून हाती आलेले तंत्र, सगळे दोन्हीकडे वाटले जाणार असल्यामुळे पहिल्याचा धोका दुसऱ्याच्या पोटात मावत होता. वाहनतळावरील प्रयोगांची वर्तमानपत्रांतून दखल घेतली गेली होती, हीदेखील कंपनीच्या दृष्टीने जमेची बाजू होती. हा निर्णय उदारपणाचा होता असे मला वाटत नाही. तो हिशेबीच होता. फक्त तो हिशेब एका अल्बमवर मांडलेला नव्हता.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क राज्यातील कॅसाडागा या गावाजवळ, डेव्ह फ्रिडमन याच्या टारबॉक्स रोड स्टुडिओत झाले. फ्रिडमन स्वतः 'मर्क्युरी रेव्ह' या बँडच्या संस्थापकांपैकी एक असल्याने वाजवणाऱ्याच्या अडचणी त्याला आतून ठाऊक होत्या. याच काळात कॉइनचे वडील कर्करोगाने वारले आणि आयव्हिन्स एका विचित्र मोटार अपघातातून थोडक्यात बचावला. 'झायरीका'च्या शब्दांत मृत्यू, अपघात आणि अनाकलनीयता वारंवार येतात. परंतु अमुक गाणे अमुक घटनेवर, असे जोडत बसणे मला उचित वाटत नाही.

नावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 'झाइर' आणि 'युरेका' या दोन शब्दांची ती संधी आहे: एकीकडे त्या वेळी अराजकात सापडलेला आफ्रिकी देश, दुसरीकडे शोध लागल्याचा उद्गार. मे १९९७ मध्ये तेथील हुकूमशहा मोबुटूची सत्ता उलथली आणि झाइरचे नाव पुन्हा काँगो झाले. अल्बम बाजारात आला तेव्हा त्याच्या नावातला देश नकाशावरून पाच महिन्यांपूर्वीच नाहीसा झालेला होता.

चार यंत्रांची चार घड्याळे

येथे थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे, कारण सगळी मेख त्यातच आहे. सीडीवर डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक बाजूच्या आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापे, साठवलेले असतात आणि प्लेअरने ते त्याच गतीने वाचायचे असतात. ही गती प्लेअरमधील क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालणारे छोटे घड्याळ ठरवते. कोणतेही असे घड्याळ अचूक नसते. दहा लाखांत पन्नास भागांची चूक स्वस्त यंत्रात सहज असू शकते. एक प्लेअर एवढा पुढे आणि दुसरा एवढाच मागे असेल, तर दोघांतील फरक दहा लाखांत शंभर भागांचा होतो. दहा मिनिटांच्या गाण्यात त्याचे ६० मिलिसेकंद होतात आणि एकही विराम न घेता पाऊण तास वाजवले तर २७० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा चौथा हिस्सा.

६० मिलिसेकंद कानाला कळतात का? कळतात. एकच टिचकी दोन ठिकाणांहून ऐकवली आणि मधले अंतर काही मिलिसेकंदांचे असले, तर कान तिला एकच समजतो व ती आधी जेथून आली तेथूनच आल्याचे मानतो. हे अंतर पाच-दहा मिलिसेकंदांच्या पुढे गेले की दोन टिचक्या वेगळ्या ऐकू येऊ लागतात. बोलणे किंवा संगीत असेल तर कान तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंत सांभाळून घेतो. त्यात खोलीची भर पडते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे चार मीटर दूर असलेल्या स्पीकरचा आवाज सुमारे १२ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे खोलीच्या मध्यभागी बसलेला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला, या दोघांना ऐकू येणारा अल्बम एकच नसतो.

सर्वांत मोठी चूक तर आरंभीच होते. बटण दाबल्यापासून तबकडी फिरून आवाज येईपर्यंत लागणारा वेळ प्रत्येक प्लेअरचा निराळा असतो आणि चार माणसांची बोटे कधीही एकाच क्षणी पडत नाहीत. यावर बँडने केलेला उपाय फार साधा आहे. प्रत्येक गाण्याआधी प्रत्येक सीडीवर एक आवाज तबकडीचा आणि गाण्याचा क्रमांक सांगतो. चारही घोषणा किती मागेपुढे येतात यावरून श्रोत्यांना चूक लगेच समजते. फार असेल तर थांबवून पुन्हा सुरू करायचे. घड्याळांमुळे साचत जाणारा फरकही अशा रीतीने प्रत्येक गाण्यापाशी पुसता येतो.

चारही तबकड्या लावल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही, हाही रचनेचाच भाग होय. एकेक लावण्याचे चार प्रकार, दोन-दोनचे सहा, तीन-तीनचे चार आणि चारही मिळून एक, असे ऐकण्याचे पंधरा प्रकार होतात. त्यांतले बरेचसे कंटाळवाणे आहेत, हे मान्य करायला हवे. एकटी तबकडी ऐकताना भिंतीपलीकडून येणाऱ्या मैफलीसारखे काहीतरी अर्धवट कानावर पडत राहते.

गाण्यांवर झालेला परिणाम

मेळ सुटणार हे गृहीत धरले की रचना आपोआप बदलते. चार तबकड्यांवरची वाद्ये एकमेकांच्या मात्रांत अचूक गुंतवता येत नाहीत, कारण पहिल्या दोन मिनिटांतच ती वीण उसवते. त्याऐवजी लांबलेले स्वर, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, हळूहळू चढणारे आवाजाचे डोंगर आणि मुख्य ताल एकीकडे ठेवून दुसरीकडून त्यावर सोडलेले ढग, अशी सामग्री उपयोगी पडते. पहिले गाणे पाहा. त्याच्या शीर्षकात, आपल्याला खरोखर काही कळत नाही ही कबुली आहे आणि तीच कबुली गाण्यात घोकली जाते. चार दिशांनी, किंचित मागेपुढे, तेच वाक्य येत राहिले की त्याला जमावाच्या प्रार्थनेचे रूप येते. एकाच यंत्रावर हाच परिणाम साधायचा असता तर कृत्रिम प्रतिध्वनी लावावा लागला असता, आणि तो दर वेळी सारखाच आला असता.

तिसरे गाणे उड्डाणादरम्यान स्वतःचा जीव घेणाऱ्या वैमानिकाविषयी आहे. विषय भयंकर, पण सादरीकरण शांत. आवाज खोलीत पसरत जातो तसतशी ऐकणाऱ्याला आपल्या पायाखालच्या जमिनीची खात्री वाटेनाशी होते. चौथ्या गाण्याच्या शीर्षकात भारत आहे, म्हणून आपल्याकडच्या श्रोत्याने सतार-तबल्याची अपेक्षा ठेवू नये. १९६०च्या दशकात पाश्चात्त्य बँडनी सतारीचा जो सोस केला त्याचा येथे मागमूस नाही. दुसऱ्या गाण्याच्या शीर्षकात २०२५ साली कामावर जाण्याचा उल्लेख आहे. १९९७ मध्ये तो दूरचा भविष्यकाळ होता. आता तोही मागे पडला.

सहाव्या गाण्यात अतिशय उच्च आणि अतिशय खालच्या कंप्रतेचे ध्वनी आहेत. व्यापारी ध्वनिमुद्रणांत सहसा न आढळणाऱ्या या ध्वनींमुळे क्वचित श्रोत्याला भोवळल्यासारखे होऊ शकते, अशी सूचना वेष्टनावरच छापली होती. ती काही अंशी खरी खबरदारी आणि काही अंशी जाहिरात असावी. सातवे गाणे ड्रॉझ्डच्या ड्रमवर उभे आहे आणि मेळ सुटण्याचा धोका येथे सर्वाधिक आहे, कारण ड्रमचा ठोका ही टिचकीच होय. तो चार जागी फुटला तर लपत नाही. येथे बँडने माघार घेतली नाही. ठोके फुटतात, एकमेकांवर आदळतात, आणि शीर्षकात म्हटल्याप्रमाणे ती मिरवणूक खरोखरच कुजक्या भाज्यांची वाटू लागते. आठव्यात कॉइन एक गोष्ट सांगतो आणि अखेरीस खोलीभर कुत्री भुंकतात. ज्यांच्या घरी कुत्रा असेल त्यांनी हा शेवट जपूनच ऐकावा.

केवळ गाणी म्हणून पाहिल्यास या आठांमध्ये दोन-तीनच पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखी आहेत, असे माझे मत आहे. चाली विरळ आहेत आणि काही ठिकाणी प्रयोगाचा उत्साह गाण्याच्या गरजेपेक्षा जास्त आहे. परंतु चार माणसे खोलीच्या चार कोपऱ्यांत उभी राहून "तीन, दोन, एक" म्हणत बटण दाबतात, पहिल्यांदा चुकतात, हसतात, पुन्हा लावतात आणि मग आवाज चहूबाजूंनी भरून येतो, तेव्हा हे मत बाजूला पडते. हा अल्बम गाण्यांपेक्षा ऐकण्याच्या बैठकीची आखणी आहे.

शून्य गुण

त्या वेळी नव्यानेच नावारूपाला येत असलेल्या 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने या अल्बमला दहापैकी ०.० गुण दिले. समीक्षकाची मुख्य तक्रार चार सीडी प्लेअर आणायचे कोठून, ही होती. हा शून्य पुढे चेष्टेचा विषय झाला, पण तो सरसकट धुडकावण्याजोगा नाही. ग्राहकाने पैसे मोजले, माल घरी आणला आणि तो चालेना, तर तक्रार रास्त ठरते. कंपनीने चार प्लेअर सोबत दिले नव्हते. मात्र समीक्षकाने संगीताला गुण दिले की ते ऐकण्याच्या सोयीला, हा प्रश्न उरतोच. नाटकाचा प्रयोग पाहण्यासाठी घराबाहेर पडावे लागते, म्हणून कोणी नाटकाला शून्य देत नाही. 'झायरीका'ची गफलत अशी की प्रयोगासारखी वस्तू वस्तूसारख्या वेष्टनात विकली गेली, आणि वेष्टन पाहून राग येणे स्वाभाविक होते.

हा राग सगळ्यांना आला नाही. अनेक शहरांत लोकांनी घरोघरचे प्लेअर एकत्र आणून बैठका भरवल्या आणि त्या आजही अधूनमधून भरतात. अल्बमला बाजारात मर्यादित पण निष्ठावान ग्राहक मिळाला.

पुढची वाट

दीड-पावणेदोन वर्षांनी आलेल्या 'द सॉफ्ट बुलेटिन'ने बँडला समीक्षकांची जवळजवळ एकमुखी वाहवा मिळवून दिली. त्यातला भव्य, वाद्यवृंदासारखा भासणारा आवाज बराचसा कीबोर्डवर आणि ड्रॉझ्डने एकावर एक वाजवलेल्या थरांतून बांधलेला आहे. चार तबकड्या भरण्यासाठी जे असंख्य आवाज तयार करावे लागले, त्या सरावातून हे थर आले, आणि वॉर्नर ब्रदर्सने ज्या जोडहिशेबावर मान्यता दिली होती तो अशा रीतीने वसूल झाला. २००६ मध्ये त्याच अल्बमची ५.१ ध्वनिरचनेची, म्हणजे श्रोत्याभोवती मांडलेले पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक वेगळा स्पीकर अशा मांडणीची, आवृत्ती निघाली. तीतही श्रोता आवाजाने वेढला जातो, पण एकच यंत्र सर्व स्पीकर चालवते. काहीही मागेपुढे होत नाही आणि कोणाला बोलवावेही लागत नाही.

'झायरीका'च्या चारही तबकड्या संगणकावर एकावर एक बसवून त्यांचे एकच ध्वनिमुद्रण चाहत्यांनी केव्हाच तयार केले. ते मी ऐकले आहे. सर्व ठोके जागच्या जागी आहेत, घोषणा एकमेकांवर चपखल बसल्या आहेत आणि पहिल्या गाण्यातला तो जमाव गायब आहे. एक माणूस प्रतिध्वनीतून गातो एवढेच ऐकू येते. बँडने स्वतः उलटी दिशा धरली. २०११ मध्ये त्यांनी एक रचना बारा तुकड्यांत यूट्यूबवर ठेवली आणि बारा जणांनी आपापल्या फोनवर ती एकत्र लावावी असे सुचवले.

आणि २० एप्रिल २०१३ रोजी, रेकॉर्ड स्टोअर डे या स्वतंत्र रेकॉर्ड-दुकानांच्या वार्षिक उत्सवाच्या निमित्ताने, 'झायरीका' चार एलपी तबकड्यांवर पुन्हा काढण्यात आला. सीडी प्लेअरचे घड्याळ दहा लाखांत पन्नास भाग चुकते. एलपी फिरवणाऱ्या घरगुती टर्नटेबलची गती हजारात एका भागाने चुकली तरी ती चांगलीच समजली जाते. दोन टर्नटेबलांमध्ये एवढा फरक असेल तर वीस मिनिटांत तो सव्वा सेकंदाच्या घरात जातो. गाण्यांच्या मधल्या जागी चौघांनी सुई उचलायची, घोषणेच्या खोबणीचा अंदाज घ्यायचा आणि चार हातांनी ती पुन्हा खाली ठेवायची, हाच त्यावर उपाय आहे.